बडोदा : पाण्यातल्या नायट्रेटसाठी केपिलरी की चिप? सल्ला हवा

विश्वामित्रीकाठचा
एमएस्सी शेवटचं वर्ष. विहिरी-बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट मोजायचंय (पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम). लॅबमध्ये केपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं (केसासारख्या बारीक काचनळीत व्होल्टेज लावून आयन वेगळे करायचं) जुनं मशीन पडून होतं. ५० मायक्रॉनची केपिलरी, २५ केव्ही (किलोव्होल्ट), बोरेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ९.२. अर्धा तास झाला तरी नायट्रेटचा पीक (आलेखावरचं टोक) नाही. सर म्हणतात, चिप (नळीऐवजी छोट्या पट्टीत कोरलेला बारीक चॅनेल) मागवू. मागवावी का? बजेट सेव-उसळीपुरतंच आहे.

काचनळी
चिप राहू दे रे. आधी पीक गेला कुठे ते बघ.

या पीएचला केपिलरीची आतली भिंत ऋण होते. तिला धन आयनांचा थर बिलगतो आणि व्होल्टेज लावलं की तो थर अख्खं बफर कॅथोडकडे ओढून नेतो. पंपाशिवाय प्रवाह, तोही सपाट तोंडाचा, म्हणून पीक पसरत नाहीत. पण नायट्रेट ऋण. त्याला अ‍ॅनोडकडे जायचंय आणि ते या प्रवाहापेक्षा जोरात पळतं. म्हणजे तुझं नायट्रेट सॅम्पल घेतलं त्याच टोकाने बाहेर पडलं!

पोलॅरिटी उलटी कर, बफरमध्ये अर्धा मिलिमोलर सीटॅब (धन भाराचा, साबणासारखा पदार्थ) घाल. भिंत धन होते, प्रवाहही उलटतो आणि दोघं एकाच दिशेने डिटेक्टरकडे येतात. २१४ नॅनोमीटरच्या यूव्ही प्रकाशात बघ. क्लोराइड तिथे फारसं दिसत नाही, ते बरंच.

मकरपुरा_क्यूसी
काका म्हणतात ते बरोबर. माझी भर : सॅम्पल ०.४५ मायक्रॉनमधून गाळ. नळीच्या दोन टोकांच्या व्हायलमधली (छोट्या बाटल्यांतली) बफरची पातळी सारखी ठेव, नाहीतर सायफनने वेळा सरकतात. चार-पाच रनला बफर बदल, इलेक्ट्रोलिसिसने त्याचा पीएच हलतो. करंट एकदम शून्यावर आला तर बुडबुडा समज. आणि एसी फार थंड नको, सीटॅबची स्टॉक बाटली गारठली की तळाशी पांढरं बसतं. माझा एक आख्खा सोमवार त्यात गेला होता.

चिपवाला
मी चिपवरच काम करतो, तरी तुला नकोच म्हणेन. चॅनेल काही सेंटिमीटरचा, सेपरेशन सेकंदांत होतं, खरंय. पण रिझर्व्हॉयरमध्ये थेंबभर बफर; आपल्या मे महिन्यात ते बघता बघता आटतं. यूव्हीला प्रकाशाची वाटही चॅनेलच्या खोलीएवढीच, म्हणून पीक बारीक. १९८१ साली जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी ७५ मायक्रॉनच्या साध्या काचनळीतच ही पद्धत उभी केली, तुझं काम त्यात सहज भागेल.

विश्वामित्रीकाठचा
आला! चौथ्या मिनिटाला, सुईसारखा. ताई, पाचव्या रनला मात्र थोडा उशिरा आला.

मकरपुरा_क्यूसी
बफर बदललास का? बदलूनही सरकत असेल तर प्रत्येक सॅम्पलमध्ये ठरावीक ब्रोमाइड टाक आणि दोघांच्या वेळेचं गुणोत्तर धर. पाण्यात मुळातच ब्रोमाइड नाही ना, ते आधी ब्रोमाइड न टाकता एका रनमध्ये बघून घे.