जीक्वॅक्सला खरंच गंडम म्हणायचं का?

झाकूवाला
स्पॉयलर आहेत, शेवटपर्यंत बघितलं नसेल तर पुढे वाचू नका.

मी १९७९ ची ओरिजिनल गंडम, म्हणजे माणसं आत बसून चालवतात त्या रोबोंच्या युद्धाची जपानी ॲनिमे मालिका, सलग बसून बघितली, ४३ च्या ४३ भाग, आणि ती संपल्या संपल्या नवी गंडम मालिका जीक्वॅक्स, तिचे १२ भाग. आता माझा मावसभाऊ, ज्याने मला या सगळ्याची गोडी लावली, तो म्हणतो की हे गंडम नाहीच, एव्हांगेलियन या दुसऱ्या ॲनिमेवाल्यांनी स्वतःच्या हौसेखातर लिहिलेलं फॅनफिक्शन आहे. सुरुवात तर तीच आहे ना, साइड ७ या अंतराळ वसाहतीवर शत्रूपक्ष झिऑनचे झाकू रोबो येतात, फक्त मूळ नायक अमुरोच्या जागी झिऑनचा लाल रोबोवाला पायलट शार स्वतः गंडम रोबोमध्ये बसतो आणि तिथून सगळा इतिहासच पलटतो, झिऑन युद्ध जिंकतं. मग त्या जगातल्या ००८५ सालात माचू नावाची शाळकरी मुलगी, बेकायदा क्लॅन बॅटल म्हणजे रोबोंच्या झुंजी, वगैरे. मला मनापासून आवडली पण भावाला काय उत्तर द्यावं सुचत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

सह्याद्री_०८
भाऊ बरोबर बोलतोय तुझा. चित्रं सुंदर आहेत, त्सुरुमाकीचं दिग्दर्शन भारी आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण गंडम म्हणजे नुसता शार आणि लाल रंग नाही रे. १३ वा भाग आठव, अमुरो आईला भेटतो, तिच्या डोळ्यांदेखत झिऑनच्या सैनिकावर गोळी झाडतो आणि ती माउली हादरून जाते की हा माझाच मुलगा का. मूळ मालिका करणाऱ्या तोमिनोने युद्ध असं दाखवलं होतं, पोराकडे दुसरा रस्ताच नव्हता. इथे माचूला घरदार आहे, आई आहे, चांगली शाळा आहे, तिला कंटाळा आलाय म्हणून ती मोबाइल सूटमध्ये, म्हणजे त्या रोबोत, चढते. जिची खरी गोष्ट होती ती न्यान, निर्वासित पोरगी, कागदपत्रं नाहीत, पोटासाठी चोरटा माल पोचवते, आणि तिलाच धड वेळ दिला नाही. अर्धा वेळ जुन्या लोकांच्या आठवणीत गेला. निदान २४ भाग तरी हवे होते.

अबोली
सह्याद्री, न्यानबद्दल शंभर टक्के सहमत. पण "हे गंडम नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर विश्वासच बसत नाही. १९९४ मध्ये "जी गंडम" नावाची मालिका आली तेव्हा हेच झालं, प्रत्येक देशाचा एक रोबो आणि पृथ्वीवर कुस्तीचा आखाडा, जुने लोक भडकले होते, आज त्यातलेच कितीतरी लोक ती डोक्यावर घेतात. आणि १९९९ मध्ये खुद्द तोमिनोने "टर्न ए गंडम" केली, त्यात आधीच्या सगळ्या गंडम "काळा इतिहास" म्हणून एकाच पोटात घेतल्या. ज्याने हे घर बांधलं त्यानेच दार उघडं ठेवलंय, मग आपण कशाला आडवं लावायचं?

आणि माझ्यासाठी जीक्वॅक्सचं सगळ्यात मोठं काम म्हणजे शारिया बुल. जुन्या मालिकेत हा माणूस ३९ व्या भागात येतो आणि त्याच भागात मरतो. गुरू ग्रहाहून परत आलेला न्यूटाइप, म्हणजे दुसऱ्याचं मन जाणवणारा माणूस, दोन वरिष्ठांच्या राजकारणात अडकलेला, बस्स. इथे तो शारचा मॅव्ह, म्हणजे लढाईतला जोडीदार होतो, जोडीने लढतो, आणि शार गायब झाल्यावर पाच वर्षं त्याला शोधत राहतो. एका भागापुरत्या माणसाला कुणीतरी इतकं आयुष्य दिलं, हे जुनी मालिका बारकाईने बघितलेल्या माणसालाच सुचतं.

पहिलटकर
मी उलटं केलं, आधी जीक्वॅक्स बघितली, प्राइमवर होती म्हणून. अर्धी नावं कळली नाहीत तरी शेवटपर्यंत सोडवेना. मग १९८१-८२ चे तीन पिक्चर बघितले, तर त्यात शारिया बुल कुठेच दिसला नाही. माझं काही चुकलं का?

अबोली
नाही, पिक्चर करताना त्याला काढूनच टाकलं. मालिकेचा ३९ वा भाग बघ, पण त्याआधीचे दोन-तीनही बघ म्हणजे संदर्भ लागेल.

झाकूवाला
सगळ्यांचं वाचलं, धन्यवाद. सह्याद्री, आईवाल्या भागाचं तुझं म्हणणं मनाला लागलं, माचूच्या गोष्टीत तसा एकही प्रसंग नाही हे खरंय. पण मला काल रात्री जाणवलं की मी भावाला शार आणि झिऑनबद्दल सांगत बसलो आणि शारची न्यूटाइप साथीदार लाला राहूनच गेली. जुन्या मालिकेत ती शारला वाचवायला मध्ये येते आणि अमुरोच्या हातून मरते, कपाळावर टिकली असलेली ती मुलगी मला पहिल्यापासून आपल्या इकडची वाटायची म्हणून असेल पण तो ४१ वा भाग बघून मी दोन दिवस गप्प होतो. आणि जीक्वॅक्समध्ये शेवटी कळतं की हे जगच एका दुसऱ्या लालामुळे आहे, जिच्या जगात पांढऱ्या गंडमने शारला मारलं आणि तिला ते सहन झालं नाही. म्हणजे झिऑन जिंकलं ही लेखकाची हौस नाहीये, एका मुलीला तिचा माणूस जिवंत हवा होता त्यातून हे सगळं आलंय. ४१ वा भाग झाला नसता तर जीक्वॅक्सची गोष्ट उभीच राहिली नसती. फॅनफिक्शनमध्ये मूळ गोष्ट नुसती वापरतात, इथे त्याच दुःखाला पुढे नेलंय असं मला तरी वाटतं.

भाऊ रविवारी येतोय. आधी ३९ आणि ४१ लावणार आणि लगेच जीक्वॅक्सचे शेवटचे चार, मध्ये ब्रेक नाही. काय म्हणतो ते इथे लिहितो.

सह्याद्री_०८
लिही नक्की. लालाचं पटलं, माचूचं अजून नाही. आणि त्याला १३ वा पण दाखव.