आर ऋण आला की बिंदू कुठे मांडायचा? (ध्रुवीय निर्देशक)

अनवट_कोन
नमस्कार. ध्रुवीय निर्देशकांचे (म्हणजे मधल्या बिंदूपासून, ध्रुवापासून, आर किती आणि कोन थीटा किती हे सांगून बिंदू मांडायचा) आलेख हाताने काढायला शिकतेय. आर = १ + २ कॉस थीटा हा वक्र घेतला आणि ३०-३० अंशांनी तक्ता केला. ० अंशाला ३, ९० ला १, १२० ला शून्य, इथवर सगळं सुरळीत. १५० ला आर उणे ०.७३ येतो आणि १८० ला उणे १. आर म्हणजे ध्रुवापासूनचं अंतर आणि अंतर काही ऋण नसतं, म्हणून १२० ते २४० हा भाग मी सोडून दिला. डेस्मॉसवर (आलेख काढायचं ऑनलाइन साधन) मात्र आत एक छोटा फास दिसतो, तोही उजवीकडे! १८० अंश म्हणजे डावी बाजू ना? नुसता नियम नको, डोळ्यांसमोर उभं राहील असं कुणी सांगेल का?

खडूफळा
तक्ता अगदी बरोबर आहे तुझा, सोडलेला भाग परत घे.

ध्रुवातून जाणारी एक संख्यारेषा मनात आण, शून्य ध्रुवावर असलेली. थीटा ती रेषा फिरवतो आणि तिची धन बाजू कुठे आहे ते ठरवतो. आर म्हणजे त्या रेषेवरची संख्या, मग ती ऋणही असू शकते. आता ध्रुवावर उभी राहा, तोंड १५० अंशांकडे कर आणि ०.७३ उलट पावली चाल. पोचशील ३३० अंशांच्या दिशेला, चौथ्या चरणात. पडताळून बघ: एक्स = आर कॉस थीटा = (−०.७३२)(−०.८६६) ≈ ०.६३, वाय = (−०.७३२)(०.५) ≈ −०.३७. १८० ला तोंड डावीकडे, पण आर उणे १, म्हणून बिंदू (१, ०) वर. फासाचं उजवं टोक ते हेच.

शिकवताना एक पायरी मी कधीच गाळत नाही, ती तूही गाळू नकोस. ध्रुवीय कागदाला हात लावण्याआधी थीटा आडव्या अक्षावर आणि आर उभ्या अक्षावर घेऊन साधा आलेख काढ. कॉसची लाट, दुप्पट उंचीची, एकाने वर सरकलेली. ती ३ पासून उतरते, १२० ला अक्ष छेदते, १८० ला उणे १ चा तळ गाठते, २४० ला पुन्हा वर येते. अक्षाखाली गेलेला हा खळगा म्हणजेच तुझा फास! मग ही लाट डावीकडून उजवीकडे वाचत जा आणि त्याच क्रमाने पेन्सिल फिरव. नुसते बिंदू जोडत बसलं की कुठला कुणाला जोडायचा हेच कळेनासं होतं. आर कुठे वाढतो, कुठे घटतो, कुठे शून्य होतो हे कळलं की वक्र आपसूक उतरतो.

शून्याच्या जागा विशेष जप. १२० आणि २४० ला वक्र त्या-त्या कोनाच्या रेषेला स्पर्श करत ध्रुवातून जातो, म्हणजे तिथली फुली किती तिरकी काढायची हे आधीच ठरलेलं असतं. शिवाय कॉस(−थीटा) = कॉस थीटा, तेव्हा ० ते १८० एवढंच काढ, उरलेलं एक्स-अक्षाच्या सममितीने मिळेल.

(वक्र जुना आहे. ड्यूररने १५२५ सालीच तो काढायची रीत दिली होती. ‘पास्कलचा लिमासाँ’ या नावातला पास्कल म्हणजे मात्र ब्लेझ पास्कलचे वडील, एतिएन पास्कल.)

अनवट_कोन
लाट आधी काढली आणि फास बरोब्बर आला, खूप आभार! मग आर = कॉस २थीटाला चार पाकळ्या आणि कॉस ३थीटाला तीनच, तेही यामुळेच का?

खडूफळा
यामुळेच. कॉस ३थीटामध्ये ६० ला आर उणे १, म्हणजे बिंदू २४० च्या दिशेला. १८० पर्यंत जाईतो ०, १२० आणि २४० या तिन्ही दिशांच्या पाकळ्या पुऱ्या होतात, आणि पुढच्या अर्ध्या फेरीत त्याच पुन्हा गिरवल्या जातात. कॉस २थीटामध्ये ९० ला उणे १, तो बिंदू २७० ला जातो. २७० लाही उणे १, तो ९० ला येतो. कुठलीच पाकळी दुसरीवर पडत नाही, म्हणून चार. कॉस एनथीटामध्ये विषम एनला एन पाकळ्या, सम एनला दोन एन. हे पाठ करायच्या आधी दोन्ही लाटा काढ. डेस्मॉसवर थीटाची वरची मर्यादा स्लायडरला जोडून हळूहळू सरकवलीस, तर कोणती पाकळी कधी उमलते तेही दिसेल.

आलेखवही
याला जोडूनच एक. छेदनबिंदू काढताना हीच गफलत होते. आर = साइन थीटा आणि आर = कॉस थीटा ही दोन वर्तुळं घ्या. समीकरण सोडवलं की ४५ अंश मिळतात, आर ≈ ०.७१. २२५ ही मिळतात, पण तिथे आर ऋण, म्हणजे बिंदू तोच. ध्रुव मात्र निसटतो. पहिलं वर्तुळ तिथे ० अंशाला पोचतं, दुसरं ९० ला, त्यामुळे एकच थीटा धरून सोडवलं की तो सापडत नाही. सामाईक भागाचं क्षेत्रफळ काढायचं तर आधी आकृती काढाच: ० ते ४५ पर्यंत साइन, ४५ ते ९० पर्यंत कॉस. उत्तर पाय/८ − १/४.