कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना: सिमेंट युनिटने काय मोजायचं, कुठे खर्च करायचा, आणि भाव टिकेल का?

चुनखडी

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांतल्या २८२ युनिट्सना (कारखान्यांना) उत्सर्जन-तीव्रतेची, म्हणजे उत्पादनाच्या टनामागे किती कार्बन डायऑक्साइड सुटतो त्याची, उद्दिष्टं लावून दिली. जे उद्दिष्टाच्या पुढे जातील त्यांना प्रमाणपत्रं मिळणार, जे मागे राहतील त्यांनी ती विकत घ्यायची. तुलनेचा पाया २०२३-२४ चा, पूर्ततेची वर्षं २०२५-२६ आणि २०२६-२७. चंद्रपूर पट्ट्यातलं एकात्मिक युनिट (चुनखडी भाजण्यापासून सिमेंट दळण्यापर्यंत सगळं एकाच जागी) डोळ्यासमोर ठेवून विचारतो आहे: वर्षाला साधारण २० लाख टन सिमेंट, बहुतेक पीपीसी, म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं. 'पॅट' या केंद्राच्या जुन्या ऊर्जाबचत योजनेपासून ऊर्जेचा हिशेब नीट ठेवलेला आहे. तेवढ्यावर भागेल का? नसेल तर आधी कशात पैसे घालावेत? आणि पॅटमध्ये प्रमाणपत्रांचा बाजार नीट उभाच राहिला नाही, तसं इथेही होणार असेल तर व्यवस्थापनाला गुंतवणूक कशी पटवायची?

हिशेबनीस

पॅटच्या वहीवर भागणार नाही. पॅट ऊर्जा मोजत होतं, आणि सिमेंटचा मोठा धूर ऊर्जेचा नाहीच. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी कितीही काटकसरीने चालवा, हा भाग तसाच राहतो.

तो काढायचा क्लिंकरच्या, म्हणजे भट्टीतून भाजून निघणाऱ्या आणि दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांच्या, रासायनिक तपासणीवरून: कॅल्शियम ऑक्साइडचा अंश गुणिले ०.७८५, अधिक मॅग्नेशियम ऑक्साइडचा अंश गुणिले १.०९२. क्लिंकरमध्ये ६५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि दीड टक्का मॅग्नेशियम ऑक्साइड असेल तर टनाला ०.५२७ टन. कच्च्या मिश्रणात स्लॅग किंवा राख घालत असाल, तर तिच्यातून आलेलं कॅल्शियम ऑक्साइड वजा करा, कारण ते कार्बोनेटमधून आलेलं नसतं. ही वजावट बऱ्याच ठिकाणी राहून जाते आणि युनिट स्वतःच्या नावावर जास्तीचं उत्सर्जन लिहून बसतं.

त्यात इंधन मिळवा. क्लिंकरच्या किलोला ७४० किलोकॅलरी धरली म्हणजे टनाला सुमारे ३.१ गिगाज्यूल. कोळशाचा गुणांक गिगाज्यूलला ९५ किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास ०.२९ टन. दोन्ही मिळून क्लिंकरच्या टनामागे ०.८२ टन.

आता पैशाचं. समजा उद्दिष्ट सिमेंटच्या टनाला ०.५९० टन कार्बन डायऑक्साइडचं आहे आणि तुम्ही ०.६०० वर थांबलात. फरक ०.०१०, गुणिले २० लाख, म्हणजे २०,००० प्रमाणपत्रांची तूट; एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन. भाव ६०० रुपये धरला तर खरेदी १ कोटी २० लाखांची. खरेदी केली नाही तर पर्यावरण भरपाई त्या व्यवहारचक्रातल्या सरासरी भावाच्या दुप्पट दराने, म्हणजे २ कोटी ४० लाख. ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ लावतं आणि ९० दिवसांत भरायची असते. उद्दिष्ट आणि भाव मी उदाहरणापुरते घेतलेत. तुमचं उद्दिष्ट अधिसूचनेच्या तक्त्यात युनिटच्या नावासमोर आहे.

तापमापक

हिशेबनीस यांच्या गणिताला एक जोड देतो, कारण ही चूक फार महागात पडते.

प्रयोगशाळा कोळशाचं ढोबळ उष्मांकमूल्य देते, ज्यात पाण्याच्या वाफेबरोबर निघून जाणारी उष्णताही धरलेली असते. उत्सर्जन गुणांक मात्र बहुतेक वेळा ती वगळलेल्या निव्वळ उष्मांकमूल्यावर दिलेले असतात: बिट्युमिनस कोळसा ९४.६, पेटकोक ९७.५, नैसर्गिक वायू ५६.१ किलो प्रति गिगाज्यूल. ढोबळ उष्णतेला निव्वळचा गुणांक लावला की कोळशाचं उत्सर्जन साधारण ५ टक्क्यांनी फुगतं. वरच्या आकड्यांत, क्लिंकरचं प्रमाण ६५ टक्के धरलं तर, सिमेंटच्या टनाला जवळपास ०.०१० टन. म्हणजे हिशेबनीस यांनी दाखवलेली सगळीच्या सगळी तूट एका कागदी चुकीतून उभी राहू शकते! त्याहून वाईट म्हणजे पाया एका पद्धतीने आणि चालू वर्ष दुसऱ्या पद्धतीने काढलेलं असणं. पडताळणीला माणसं येण्याआधी दोन्ही वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून तपासा.

ओलाव्याचंही तसंच. वजन काट्यावरचं, म्हणजे ओल्या कोळशाचं, आणि उष्मांक हवेत वाळवलेल्या नमुन्याचा, असा गुणाकार पावसाळ्यात हमखास चुकतो. वजन आणि उष्मांक एकाच स्थितीचे घ्या. बेल्टवरचे वजनकाटे वेळेवर कॅलिब्रेट करा आणि महिनाअखेरीला साठ्याची प्रत्यक्ष मोजणी वहीशी जुळवा. राख वाळवायच्या हॉट एअर जनरेटरचं इंधन आणि डिझेल जनरेटर हे दोन हमखास विसरले जातात.

पर्यायी इंधनाबद्दल एक गैरसमज आहे की ते शून्य धरलं जातं. शून्य फक्त जैविक अंश. प्लास्टिक जीवाश्मच आहे, टायरमधलाही नैसर्गिक रबराचा भागच काय तो सुटतो. कचऱ्यापासून केलेलं इंधन (आरडीएफ) वापरणार असाल तर जैविक अंशाची आणि क्लोरीनची, दोन्ही तपासण्या प्रत्येक पुरवठादारामागे करा. क्लोरीन वाढलं की ते भट्टी आणि प्रीहीटरमध्ये (कच्चं मिश्रण आधी तापवणाऱ्या मनोऱ्यात) फिरत राहतं, त्याच्या खालच्या सायक्लोनमध्ये लेप धरतं, मार्ग तुंबतो. क्लोरीन काढून टाकायला बायपास उघडावा लागला तर गरम वायू बाहेर जातो आणि वाचवलेली उष्णता परत खर्ची पडते.

हिशेबनीस

कशात पैसे घालावेत ते राहिलं होतं. याच २० लाख टनांवर तीन आकडे: सिमेंटमधलं क्लिंकरचं प्रमाण एका टक्क्याने उतरवलं तर १६,४०० टन वाचतात. भट्टीची उष्णता किलोमागे १० किलोकॅलरीने उतरवली तर ५,२०० टन. विजेचा वापर टनामागे एका युनिटने घटवला तर, ग्रिडची वीज युनिटला ०.७२ किलो धरून, १,४४० टन.

यावरून क्रम स्पष्ट आहे. पंख्यांना व्हीएफडी (वेग गरजेप्रमाणे बदलणारी यंत्रणा) जरूर बसवा, वीजबिलात ते पैसे परत देतात, पण उद्दिष्ट त्यावर गाठलं जाणार नाही. पीपीसीत ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. तुम्ही ३० वर असाल तर पहिला प्रयत्न तिथे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख जवळ आहे, पण कोरडी, बारीक आणि न जळलेला कार्बन कमी असलेलीच घ्या. तळ्यातली ओली राख वाळवण्यात इंधन जातं आणि सुरुवातीची ताकद घसरते. पुढचा टप्पा भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालून होणाऱ्या एलसी३ सिमेंटचा. त्याचं भारतीय मानक आयएस १८१८९ हे २०२३ मध्ये आलं आहे.

मात्र गुंतवणुकीआधी तुमच्या युनिटचं 'समतुल्य उत्पादन' कोणत्या सूत्राने काढलंय ते बघा. ओपीसी (साधं, राख न घातलेलं सिमेंट), पीपीसी आणि विकलेलं क्लिंकर एकाच मापात आणताना मिश्रणबदलाचा फायदा किती पदरात पडतो, ते त्या सूत्रावर ठरतं.

वैनगंगा

बाजाराबद्दल. पॅटच्या पहिल्या चक्रात सुमारे ३८ लाख प्रमाणपत्रं वाटली गेली आणि ज्यांना खरेदी करणं भाग होतं त्यांची गरज होती सुमारे १४ लाखांची. २०१७ मध्ये व्यवहार सुरू झाले, जवळपास १३ लाख विकली गेली आणि उलाढाल १०० कोटींच्या घरात राहिली. उद्दिष्टं सैल होती म्हणून पुरवठा मागणीच्या अडीच पटींवर गेला. नव्या योजनेतही मर्यादा एकूण उत्सर्जनावर नाही, टनामागच्या तीव्रतेवर आहे. त्यामुळे भाव टिकणं पूर्णपणे उद्दिष्टं किती कडक यावर अवलंबून आहे. औष्णिक वीज, जिथे सर्वांत जास्त धूर आहे, ती या बंधनाबाहेर ठेवली आहे. माझ्या मते हा योजनेतला सर्वांत मोठा दोष आहे, आणि किमान भावाची हमी ठाम असल्याशिवाय कारखान्यांनी यावर कर्ज काढावं अशी अपेक्षा करणं चूक आहे.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. कोळशावर २०१० मध्ये टनाला ५० रुपयांचा उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला आणि २०१७ पासून जीएसटी भरपाई उपकराच्या रूपात चालू राहिला. टनभर कोळशातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड धरला तर हा कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे अडीचशे रुपयांहून थोडा जास्त कार्बन करच होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. वरवर कर वाढलेला दिसतो. पण सिमेंटवर तो उपकर नव्हता, म्हणून कोळशावर भरलेल्या उपकराची वजावट कारखान्याला मिळत नसे. जीएसटीची मिळते. म्हणजे सिमेंट भट्टीपुरता कोळशावरचा कार्बनचा दर जवळजवळ पुसला गेला, आणि ती जागा आता या प्रमाणपत्रांनाच भरून काढावी लागेल.

चुनखडी

तिघांचे मनापासून आभार. उष्मांकमूल्याचा मुद्दा लगेच तपासायला घेतो. युरोपच्या सीमाकरात (आयात मालाच्या उत्सर्जनावर युरोपीय संघ लावतो त्या करात) या प्रमाणपत्रांवरचा खर्च वजा होईल का?

वैनगंगा

तिथल्या नियमात मूळ देशात प्रत्यक्ष भरलेल्या कार्बन किमतीची वजावट आहे. अडचण अशी की आपल्याकडे पैसे फक्त तुटीच्या टनांवर जातात. वरच्या उदाहरणात १ कोटी २० लाख सगळ्या २० लाख टनांवर पसरले तर सिमेंटच्या टनाला ६ रुपये. वजावट तेवढीच. आपलं सिमेंट युरोपला जवळपास जातच नाही, तेव्हा तुमच्यापुरता हा प्रश्न गौण आहे. पोलाद आणि ॲल्युमिनियमवाल्यांना तो १ जानेवारी २०२६ पासून थेट लागू झाला आहे. त्यांनी उत्पादनवार उत्सर्जनाचा आणि भरलेल्या रकमेचा पडताळलेला हिशेब वेगळा ठेवावा, कारण युनिटचा एकत्रित आकडा तिथे चालत नाही.