४० जीबीच्या जुन्या डिस्कवर डेबियन बसवताना विभाग किती करावेत?

प्रश्न (गुहागर)
आमच्या गावच्या वाचनालयाला एका चाकरमान्याने आपला जुना संगणक दिला आहे. रॅम २ जीबी, हार्ड डिस्क ४० जीबी. त्यावर जुन्या पोथ्यांची स्कॅन केलेली पाने ठेवायची आहेत. डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवताना मी होम (वापरकर्त्याच्या फाइली), व्हार (अपडेटची पॅकेजेस, नोंदी) आणि टेम्प (तात्पुरत्या फाइली) यांचे विभाग वेगळे ठेवण्याचा पर्याय निवडला होता. काही महिन्यांत व्हार गच्च भरला आणि अपडेट अर्ध्यावर अडकले; होममध्ये मात्र १५ जीबी जागा रिकामी पडून होती. आता सगळे पुन्हा बसवणार आहे. पावसाळ्यात इथे वीज वारंवार जाते, तेव्हा वेगळ्या विभागांमुळे पाने सुरक्षित राहतील का?

उत्तर (वेंगुर्ला)
नमस्कार. लहान डिस्कचे जितके तुकडे कराल, तितकी रिकामी जागा अडकून पडते, कारण एका विभागातली शिल्लक दुसऱ्याच्या कामी येत नाही. विकताना ४० जीबी म्हटलेली डिस्क प्रणालीत ३७ च्या आसपासच दिसते. म्हणून २ जीबी स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) आणि उरलेला सगळा ईएक्सटी४ फाइल प्रणालीचा एकच रूट, म्हणजे मुख्य विभाग, एवढेच मी करीन. विभागांची मापे पुढे बदलता येतात हे खरे, पण रूट आकसायचा तर पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा लागतो, शेजारच्या विभागातला मजकूर सरकवण्यात बराच वेळ जातो आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर सगळेच जाण्याची भीती असते. ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी, म्हणजे प्रशासकासाठी, राखून ठेवते. ट्यून२एफएस या आज्ञेने ती एक टक्क्यावर आणल्यास सुमारे १.४ जीबी मोकळे होतील. अपडेटनंतर ‘एपीटी क्लीन’ ही आज्ञा चालवल्यास व्हारमध्ये साठलेली पॅकेजेसही निघून जातील.

वीज गेल्यावर ईएक्सटी४ची नोंदवही (बदल आधी टिपून ठेवणारे जर्नल) फाइल प्रणालीची रचना सावरते, मात्र त्या क्षणी लिहिले जात असलेले पान हातचे जाऊ शकते. डिस्कच बिघडली तर तिच्यावरचे सारे विभाग एकदमच जातात, म्हणून पानांची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवाच.

उत्तर (मालवण)
माझे मत थोडे वेगळे आहे. वाचनालयात संगणक हाताळणारी माणसे बदलत राहतात, त्यामुळे प्रणाली पुन्हा बसवण्याची वेळ येतेच. रूटला १५ जीबी देऊन होम वेगळे ठेवल्यास, बसवताना होमवर फॉरमॅटची खूण न करण्याची काळजी घेतली की पाने जागच्या जागी राहतात.

प्रश्नकर्ता (गुहागर)
दोघांचेही आभार. पानांची प्रत आता दर शनिवारी बाहेरच्या ड्राइव्हवर घेतो, म्हणून एकच रूट ठेवला. सर्व बसवून, पाने परत आणूनही १९ जीबी मोकळे दिसत आहेत.