ग्रीक राष्ट्र सालामिसच्या समुद्रात जन्मले काय?

पिंपळपान: काल एका सदस्याने येथे लिहिले की इ.स.पू. 480 मध्ये अथेन्सजवळच्या सालामिस बेटापाशी ग्रीकांकडून पर्शियन आरमाराचा पराभव झाला आणि त्याच दिवशी ग्रीक राष्ट्र जन्मले. हे वाचून राहवले नाही. पुढच्याच वर्षी प्लाटियाच्या रणात थीब्जचे ग्रीक पर्शियनांच्या बाजूने लढले, त्यांना कोणत्या राष्ट्रात बसवायचे? त्या रणातील विजयानंतर ग्रीकांनी डेल्फीच्या देवस्थानाला वाहिलेला, वेटोळे घातलेल्या सापांचा सर्पस्तंभ आता इस्तंबूलमध्ये आहे. मी तो पाहिला आहे; सापांची डोकी केव्हाच तुटली असून खड्ड्यात नुसते वेटोळे उभे आहे. त्यावर ‘हे युद्धात लढले’ एवढे म्हणून 31 नावे कोरलेली आहेत, परंतु ‘ग्रीक’ हा शब्द नाही.

तर्कटराव: ते वाक्य माझेच होते. आपण प्रवासवर्णन सुरेख लिहिता, पण या युद्धाचा ग्रीक इतिहासकार हिरोडोटस विसरता. त्याच्या ग्रंथात, एक रक्त, एक भाषा, सामाईक देवस्थाने आणि सारखे आचार असल्यामुळे आम्ही ग्रीकांशी द्रोह करणार नाही, असे अथेन्सवासी स्पार्टाच्या दूतांना सांगतात. याहून स्पष्ट व्याख्या आणखी कोणती हवी?

सांजवात: पुढे इ.स.पू. 431 मध्ये अथेन्स आणि स्पार्टा याच दोघांत युद्ध पेटले आणि स्पार्टाने आरमारासाठी पर्शियाचाच पैसा घेतला. आमच्या चार चुलत घरांचे कुलदैवत एक आहे, तरी विहिरीचा दावा एकोणीस वर्षे कोर्टात पडून आहे.

तर्कटराव: दावा भाऊबंदांतच चालतो, बाई. परक्याशी विहीर सामाईक नसते.

सांजवात: हे मात्र खरे, दुर्दैवाने.

गोदाकाठ: पण मुळात नाव कोणी दिले? ग्रीक महाकवी होमरचे योद्धे अखियन, आर्गाइव्ह, दानाअन म्हणवतात. पर्शियनांनी आयोनियन या ग्रीकांच्या एका शाखेवरून साऱ्यांनाच ‘यौन’ म्हटले आणि आपण ‘यवन’. शाळेत मी ‘यवन म्हणजे ग्रीक’ असे लिहिले, तेव्हा ‘यवन म्हणजे मुसलमान’ असे बजावून गुरुजींनी दोन गुण कापले. ते दुःख अजून गेलेले नाही.

पिंपळपान: बखरी वाचून वाढलेल्या गुरुजींचा काय दोष? धागा ग्रीसचा आहे, आपल्या प्रगतिपुस्तकाचा नव्हे.

गोदाकाठ: उपहास आवरा, कारण मुद्दा तोच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट या गावच्या देणगीदारांनी खांबावर स्वतःच स्वतःला ‘यवन’ म्हणवले आहे. परक्याने दिलेले नाव माणूस आपले म्हणून दगडात कोरतो, तेव्हा हिरोडोटसचे अथेन्सवासी म्हणतात तशी ओळख केवळ रक्तातून येते, असे राहत नाही.

तर्कटराव: त्यांतील एकाचे नाव सिंहध्वज आहे. तो ग्रीक होता हे कशावरून?

गोदाकाठ: रक्ताने होता असे मी म्हणतच नाही. इ.स.पू. 380 च्या सुमारास अथेन्सच्या इसोक्रातिस या वक्तृत्वकाराने स्वतःच सांगितले की ग्रीक हे नाव आता वंशाचे नसून शिक्षणाचे वाटते.

तर्कटराव: ठीक आहे, ‘त्याच दिवशी’ हे शब्द मी मागे घेतो. सालामिस मागे घेत नाही.