नांदेडहून पुण्यात येतेय, मुलीला कुठल्या भागात शाळा बघू?

जूनमध्ये हिंजवडी फेज २ला रुजू व्हायचंय. लेक दुसरीत जाईल, मराठी माध्यम, सेमी. घर वाकडला घेऊ की कोथरूडला, ठरेना. मराठी शाळा कोथरूडला जास्त, पण ऑफिस लांब. तिला गाडी लागते. सहलीला गेली की मुठीत लिंबू धरून बसते. रोजचा तासाभराचा प्रवास तिला नको.

प्रतिसाद १: आधी शाळा, मग घर. तिला चालत जाता येईल असं घर घ्या, प्रवास तुम्ही करा. आम्ही उलटं केलं. दोन वर्षं पोरगा व्हॅनमध्ये झोपून घरी यायचा, गालावर दप्तराच्या पट्ट्याचा वळ. अजून वाईट वाटतं.

प्रतिसाद २: शाळा सुटताना फाटकाशी उभ्या राहा. मुलं बाईंशी कशी बोलतात ते ऐका, माहितीपत्रकात ते नसतं. आणि दाखल्याला उशीर झाला तरी सरकारी किंवा अनुदानित शाळेला त्यावरून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. मुलाखत घेतो म्हणाले तर कलम १३ दाखवा.

मी: मनापासून आभार. कोथरूडच धरते. शनिवारी सकाळी येतेय, लेकीलाही आणते. फाटकाशी तीही उभी राहील.