कुकीचे मूल्य डीकोड कोणी करावे: लायब्ररीने की आपल्या कोडने?

मूळ मत
सर्व्हरवर पान रेंडर (तयार) करणाऱ्या ॲपमध्ये एकच कुकी (ब्राउझरने साठवलेली आणि विनंतीसोबत सर्व्हरला जाणारी छोटी नोंद) दोनदा वाचली जाते: आधी सर्व्हरवर, नंतर ब्राउझरमध्ये. माझे ठाम मत आहे की लायब्ररीचे (तयार कोडच्या संचाचे) आपोआप होणारे डीकोडिंग (सांकेतिक रूपातून मूळ मजकूर परत मिळवणे) बंद करावे आणि एन्कोड-डीकोडची जोडी दोन्हीकडे वापरल्या जाणाऱ्या एकाच मॉड्यूलमध्ये ठेवावी. समजा, वापरकर्त्याने '100% सुती' हा फिल्टर निवडला. कुकीत परसेंट-एन्कोडिंगने (अक्षरांऐवजी '%' ने सुरू होणारे संकेत लिहून) त्याची सुरुवात '100%25%20' अशी होते: '%25' म्हणजे '%' आणि '%20' म्हणजे मोकळी जागा. सर्व्हरवरची लायब्ररी हे मूल्य परस्पर डीकोड करते, पुढे आपला कोडही तेच करतो आणि '%' नंतर मोकळी जागा दिसताच जावास्क्रिप्टचे 'डीकोडयूआरआयकंपोनंट' हे डीकोड करणारे फंक्शन एरर फेकते. वापरकर्त्याला 500 चे (सर्व्हरवरच्या बिघाडाचे) पान दिसते. ब्राउझरमध्ये 'डॉक्युमेंट.कुकी' कच्चे मूल्य देते आणि ते एकदाच डीकोड होते, म्हणून ॲपमधल्या दुव्यांवरून फिरताना सारे सुरळीत चालते आणि रिफ्रेश केले की बिघडते. चाचणीत हा बग निसटतो तो यामुळेच.

प्रतिसाद १
असहमत. चूक दुसऱ्यांदा डीकोड करणाऱ्याची, खापर मात्र लायब्ररीवर! नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) 'कुकी' पॅकेजमध्ये डीकोड फसले, तर कच्चे मूल्य तसेच परत मिळते आणि ते योग्यच आहे, कारण त्याच डोमेनवर दुसऱ्या कोणाची स्क्रिप्ट काहीही लिहून ठेवू शकते आणि त्यापायी आपले पान बंद पडता कामा नये. हाताने लिहिलेल्या मॉड्यूलमध्ये ही खबरदारी विसरली जाते.

मूळ लेखक
मला धास्ती आहे ती याच शांततेची. मिळालेले मूल्य डीकोड झालेले आहे की कच्चे, हे पुढच्या कोडला कळतच नाही. शिवाय दुहेरी डीकोडिंग दर वेळी एरर देत नाही: वापरकर्त्याने अक्षरशः '%20' लिहिले असेल, तर त्याची निमूटपणे मोकळी जागा होते, सर्व्हरचा मजकूर ब्राउझरच्या मजकुराशी जुळत नाही आणि हायड्रेशनचा (सर्व्हरवरून आलेल्या पानाला ब्राउझरमधला कोड जोडला जाण्याच्या टप्प्याचा) इशारा येतो, ज्याचे मूळ कोणी कुकीत शोधत नाही. 2011 च्या आरएफसी 6265 (कुकींचे नियम सांगणारा मानक दस्तऐवज) नुसार मूल्यात मोकळी जागा, स्वल्पविराम वा अर्धविराम चालत नाही, पण परसेंट-एन्कोडिंगच वापरा असे बंधन त्यात नाही. जावाचा 'यूआरएलएन्कोडर' मोकळ्या जागेचा '+' करतो. जावास्क्रिप्टचे डीकोडिंग तो '+' तसाच ठेवते. लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा असेल, तर लायब्ररीने ओळखायचे तरी कसे?

प्रतिसाद २
मुळात मजकूर कुकीत ठेवताच कशाला? 'क' हे एक अक्षर यूटीएफ-8 (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) मध्ये 3 बाइटचे, परसेंट-एन्कोड केल्यावर 9 बाइटचे. 4096 बाइटच्या मर्यादेत अशी साडेचारशेच्या आसपास अक्षरे मावतात आणि तो भार प्रत्येक विनंतीसोबत जातो. कुकीत फक्त ओळखक्रमांक ठेवावा.

मूळ लेखक
फिल्टरबाबत मान्य. पण थीम आणि भाषा पहिल्या रेंडरपूर्वीच सर्व्हरला कळावी लागते आणि लोकलस्टोरेज (फक्त ब्राउझरमध्ये राहणारी साठवण) तिथवर पोहोचत नाही.

प्रतिसाद १
थीमचे मूल्य 'डार्क' किंवा 'लाइट' एवढेच असते. त्याला एन्कोडिंगची गरजच नाही, फक्त मान्य मूल्यांच्या यादीशी ताडून पाहावे. उरलेल्या मूल्यांसाठी तुमचे मॉड्यूल मी स्वीकारेन, पण '100% सुती', '%20', '+' आणि अर्धविराम ही मूल्ये खऱ्या एचटीटीपी विनंतीतून सर्व्हरपर्यंत जाऊन जशीच्या तशी परत येतात, हे दाखवणारी चाचणी सोबत असेल तरच.